चोपड्याहून वेळासला : कासवांच्या गावी सहल नेताना

गेल्या मार्चमध्ये चोपड्याहून चोवीस जणांची सहल रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी नेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. आदल्या वर्षी आम्ही कोकणातच दुसऱ्या एका किनाऱ्यावर मोठ्या हॉटेलात उतरलो होतो. तिथे आमच्या खर्चातला जेमतेम काही भाग गावातल्या माणसांच्या हाती पडला आणि वाळूत आमच्याच पाण्याच्या बाटल्या मागे राहिल्या, याची बोचणी मला वर्षभर होती. म्हणून या वेळी गावकऱ्यांच्या घरीच राहायचे, असे मी ठरवले.

पहिली अडचण फोनवरच कळली. सगळे एका घरात मावणार नव्हते, सहा-सहा जणांना चार घरांत राहावे लागणार होते आणि कासवांची पिल्ले दिसतीलच याची हमी द्यायला कोणीही तयार नव्हते. 'एवढ्या लांब जाऊन काहीच दिसले नाही तर?' हा प्रश्न आमच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघाला. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हेकुत्री उकरून नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने ही अंडी किनाऱ्यावरच कुंपण घालून जपायला सुरुवात केली. पिल्ले साधारण 45 ते 60 दिवसांनी बाहेर येतात आणि नेमका दिवस वाळूच्या उष्णतेवर ठरतो, हे मी सांगितले, तेव्हा थंडीत केळीचा घड भरायला किती वेळ लागतो हे जाणणाऱ्या आमच्या शेतकरी मंडळींना ते लगेच पटले.

धुळे, नाशिक, पनवेल असा रात्रभर प्रवास करून आम्ही पोहोचलो. कोकणात पाऊस उदंड असला तरी मार्चमध्ये विहिरी खाली जातात, त्यामुळे आंघोळीला प्रत्येकी एकच बादली, असे यजमान काकूंनी आल्याआल्याच सांगितले. टंचाईचे उन्हाळे काढलेल्या आमच्या बायकांनी ते कुरकुर न करता मानले.

त्या संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या, तेव्हा खाली नुसती वाळू होती. दोन-तीन जण माझ्यावर नाराज झाले आणि मला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी मात्र एका टोपलीखाली काळसर पिल्ले वळवळत होती. त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडले. आम्ही दोरीच्या मागे, फ्लॅश न वापरता उभे राहिलो. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे ढकलले गेले आणि तिसऱ्यांदा पाण्यात शिरले, तोवर कोणी हलले नाही.

निघताना चारही घरांचे पैसे आम्ही त्या-त्या काकूंच्या हाती दिले आणि आमचा प्लास्टिक कचरा गोणीत भरून गाडीत टाकला. शनिवार-रविवारी गर्दीचा ताण गावाच्या पाण्यावर येतो, असे काकूंनीच बोलून दाखवल्यामुळे पुढच्या मार्चसाठी बारा-बारा जणांच्या दोन तुकड्या आणि मधले वार आम्ही त्यांच्या ओटीवर बसूनच ठरवले.