ॲलर्जन तपासणीतील आमची वाटचाल

अन्नातील ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारे घटक, शोधणारी आमची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे एलायझा ही एकच पद्धत होती. १९७१ मध्ये पुढे आलेल्या या पद्धतीत ९६ खाचांच्या प्लेटवर बसवलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) नमुन्यातील नेमके प्रथिन पकडतात. मग निळा रंग येतो, आम्ल घालताच तो पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरला त्याची तीव्रता मोजून प्रमाण काढता येते.

खरे काम मात्र प्लेटच्या आधीच असते, हे आम्हाला चॉकलेटने शिकवले. ज्ञात प्रमाणात शेंगदाण्याचे प्रथिन मिसळून अर्क काढला, तरी त्याचा मोठा भाग हाती लागत नसे, कारण कोकोमधील पॉलिफेनॉल ही तुरट संयुगे प्रथिनांना घट्ट धरून ठेवतात. अर्क काढण्याच्या द्रावणात साय काढलेल्या दुधाची भुकटी घातली की पॉलिफेनॉल तिला चिकटतात आणि शेंगदाण्याचे प्रथिन सुटे होते. पण शोध दुधाचाच असेल, तर ही भुकटी चालत नाही आणि माशांपासूनचे जिलेटिन घ्यावे लागते. म्हणून आजही आम्ही प्रत्येक नव्या पदार्थाची रिकव्हरी, म्हणजे मिसळलेल्यापैकी किती प्रथिन परत मिळते ते, आधी तपासतो, मगच नमुना स्वीकारतो.

पुढे डीएनए शोधणारे पीसीआर तंत्र आणले ते मुख्यतः सेलरी या भाजीसाठी, कारण तिच्या जवळच्या वनस्पतींमुळे एलायझाची फसगत होऊ शकते. अंड्यासाठी मात्र पीसीआर कामाचे नाही. कोंबडीचे मांस आणि अंडे यांचा डीएनए एकच. भट्टीत भाजलेल्या पदार्थांत प्रथिनांची रचना बदलते आणि प्रतिपिंडांना ती ओळखू येत नाहीत. अशा वेळी ट्रिप्सिन या विकराने प्रथिने तोडून पेप्टाइडचे तुकडे वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री उपयोगी पडते. ती महाग आहे, परंतु एकाच वेळी अनेक ॲलर्जन शोधते.

अहवालात नुसते ‘आढळले नाही’ असे लिहिण्यास आम्ही ठाम नकार देतो. पद्धत, शोधमर्यादा (पद्धतीला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण) आणि एकक सोबत हवेच: शेंगदाण्यात प्रथिन साधारण चतुर्थांश असल्याने शेंगदाणा आणि शेंगदाण्याचे प्रथिन या दोन एककांतील आकडे सुमारे चौपटीने वेगळे पडतात, आणि ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी हा फरक जिवावर बेतू शकतो.

सध्या आम्ही कारखान्यांतील यंत्रांच्या स्वच्छतेची तपासणी वाढवत आहोत. पृष्ठभाग पुसून घेतलेल्या नमुन्यासोबत (स्वॅब) धुण्याचे शेवटचे पाणी आणि धुतल्यानंतरचे पहिले उत्पादनही आम्ही मागवतो, कारण सांध्यांत अडकलेली भुकटी स्वॅबच्या टप्प्यात येतेच असे नाही.