बोटाला काजळी लागली नाही, तरी

अनगोळच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीनं आधी इंजिन चालू केलं, मग मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते दादाच्या डोळ्यांसमोर धरलं. "बघा, काजळी हाय काय कुठं?" नव्हती. २०१३ ची डिझेल सेदान, केए-२२ पासिंग, पीयूसी ताजी. दादा खूश. खानापूर ते बेळगाव रोजचं येणं-जाणं, महिन्यातून दोनदा कोल्हापूर, त्यामुळं त्याला डिझेलच हवी. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते, म्हणजे मला गाडीतलं कळतं अशी त्याची समजूत.

मी म्हटलं, "दादा, आज ॲडव्हान्स देऊ नको."

कारण होतं फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा डिझेल गाड्यांतला घोटाळा, पण ते तिथं गाडीवाल्यासमोर धड सांगता आलं नाही. सुट्टी संपवून परत आलेय, आता निवांत लिहिते.

काजळी डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाहीत, पण दम्याच्या माणसाला तेही छळतात. आपल्याकडं पीयूसीला काय करतात ते आठवा. सायलेन्सरात नळी घालतात, ॲक्सिलरेटर दाबायला सांगतात आणि धूर किती दाट आहे ते यंत्र मोजतं. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत. फोक्सवॅगननं फसवणूक केली ती याच न दिसणाऱ्या वायूची.

२०१३ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल गाड्यांत मोजणीची यंत्रं बसवून त्या खऱ्या रस्त्यावर पळवल्या. फोक्सवॅगनच्या एका जेट्टामधून मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड निघाले. प्रयोगशाळेत मात्र असली गाडी पास! तिथं चाकं रोलरवर फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही. अशा खुणांवरून गाडीतलं सॉफ्टवेअर परीक्षा ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर साफ करायचं. शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार म्हटल्यावर ती झाडून घ्यावी, तसं. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं नोटीस काढली, आणि जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचं कंपनीनंच कबूल केलं. भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या, फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी मिळून.

हा वायू खरोखर आवरायचा तर मायलेज, ताकद नाहीतर खर्च, कुठंतरी तडजोड करावी लागते. ग्राहकाला मात्र सगळंच मिळतंय असं सांगून गाडी विकली. त्याची चूक काय? त्यानं माहितीपत्रक वाचलं, गाडी चालवून बघितली, मिस्त्रीला दाखवली. सॉफ्टवेअर उघडून कोण बघणार?

आणि भरपाईतही दुजाभाव. अमेरिकेत कंपनीनं गाड्या परत विकत घेतल्या, वर पैसे दिले. इथं जर्मनीत, कंपनीच्या स्वतःच्या देशात, लोकांना २०२० पर्यंत कोर्टात झगडावं लागलं. शेवटी सामूहिक तडजोडीत गाडीमागं १,३५० ते ६,२५७ युरो ठरले. आपल्याकडं राष्ट्रीय हरित लवादानं मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, पण सुप्रीम कोर्टानं पुढच्या कारवाईला स्थगिती दिली. तो दंडही ग्राहकाच्या खिशात जाणार नव्हताच. त्याच्या वाट्याला सॉफ्टवेअर अपडेट.

झळ आम्हालाही बसली. आमची जुनी डिझेल त्या यादीतली नव्हती, कुठल्या फसवणुकीतली नव्हती. पण शहराची हवा काही केल्या मर्यादेत येईना, आणि १ एप्रिल २०१९ पासून श्टुटगार्टच्या रहिवाशांनाही युरो-४ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या आणि त्याआधीच्या डिझेल गाड्या शहरात चालवायला बंदी झाली. आमची युरो-४. विकायला गेलो तर खरेदीच्या पाचव्या हिश्श्याएवढाही भाव मिळेना. नवरा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मला राग येतो तो बाबांमुळं. बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत होते. मी शाळेत असताना एकदा पुण्याहून कास्टिंगचा अख्खा लॉट परत आला. ट्रकमधून उतरवलेल्या नगांवर कुणीतरी खडूनं गोल काढले होते, एकेका गोलात हरभऱ्याएवढं ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेलं हवेचं भोक. गोल तीनच नगांवर, परत आले चाळीसच्या चाळीस. बाबांनी दोन रात्री जागून ते पुन्हा ओतून घेतले, आणि त्या महिन्यात घरात पगार उशिरा आला. बेळगावच्या माणसाला तीन ब्लोहोल माफ नाहीत, आणि लाखो इंजिनांत जाणूनबुजून खोट घालणाऱ्यांना वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही, हे मला अजूनही पचत नाही.

तर दादा, आणि या कंपन्यांची जुनी डिझेल शोधणारे तुम्ही सगळे, काजळी बघाच, पण चेसिस नंबरही मागून घ्या. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तो द्या आणि दोनच गोष्टी विचारा: ही गाडी परत बोलावलेल्यांत होती का, आणि काम झालं असेल तर कधी. कागदावर लिहून मागा. अपडेटनंतर मायलेज पडल्याची तक्रार बऱ्याच मालकांनी केली आहे, म्हणून आधीच्या मालकाला अपडेटच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मायलेज विचारा.

मिस्त्रीनं त्या दिवशी चेसिस नंबर बिलाच्या पाठीवर उतरवून दिला होता. दादानं काल फोन लावला. सोमवारी सांगतो म्हणाले. गाडी अजून अनगोळलाच आहे.