ऑइलचा पिवळा दिवा आणि वेसवी ते रत्नागिरी

हरिहरेश्वर बघून बागमांडला-वेसवी फेरीने गाडी पलीकडे नेणार असाल, तर निघण्याआधी बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, कुठे आहे ते बघून घ्या. गंमत नाही. आमच्या गाडीच्या ऑइलचा दिवा लागला तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येकाकडे निदान तयार होतं, डिपस्टिक मात्र कोणी ओढली नव्हती.

वेळासपर्यंत सगळं ठीक होतं. केळशीच्या अलीकडे रस्ता उकरलेला, वर मोकळी खडी, समोरून एसटी. बाजूला घेताना खालून 'टण्ण' आवाज आला, आणि आड्याला पोचायच्या आत पॅनलवर पिवळी बुधली, खाली लाटेची रेघ. लाल बुधली म्हणजे ऑइलचा दाब गेला: तिथल्या तिथे इंजिन बंद, एक किलोमीटरही पुढे नाही. पिवळी म्हणजे बहुतेक गाड्यांत पातळीचा इशारा. थांबून खाली वाकून बघा, चेंबर (इंजिनाच्या बुडाची तेलाची टाकी) फुटून तेल गळत नसेल तर सपाट जागा मिळेपर्यंत सावकाश जाता येतं. आमच्याकडे गळती नव्हती.

पुढे चढावर एक गॅरेज लागलं. चढावरच, नाक वर करून गाडी उभी. गॅरेजवाल्याने नुसता दिवा बघितला आणि म्हणाला, "ऑइल कमी झालाय काका, टाकूया." उघड्या डब्यातून लिटरभर ओतलं, 1800 रुपये घेतले. डब्यावर ना ग्रेड (तेल किती जाड-पातळ ते), ना किंमत. दिवा तसाच. मग म्हणे ऑइल पंप गेला, इंजिन उघडावं लागेल. तिथून निघालो तेव्हा डोकं इतकं तापलं होतं की आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीलासुद्धा गेलो नाही.

आता कामाचं. गाडी सपाट जागी लावा. जेटीचा उतार सपाट नसतो, फेरीच्या रांगेत मोजू नका. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, पूर्ण आत घाला, मग बघा. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचं असतं. खालच्या खुणेवर असाल तरी अर्धा-अर्धा लिटर टाकून परत मोजायचं. हर्णैला मोजलं तर आमचं तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर! हे तेल कमी असण्याइतकंच वाईट. इंजिनातला फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, त्यात आपटून फेस होतो, फेसाळलेलं तेल नीट वंगण देत नाही, आणि जास्तीचं तेल ओढलं गेलं तर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. काढूनच टाकावं लागतं. दापोलीत एका मिस्त्रीने डिपस्टिकच्या नळीतून पिचकारीने ओढून काढलं. काळं तेल बाटलीत साठताना बघत उभा होतो, 1800 रुपयांचं.

खरं दुखणं त्यानेच दाखवलं. पातळीचा सेन्सर चेंबरच्या बुडाशी असतो. खडीने त्याच्या प्लगची कडी तुटली होती आणि आत लाल चिखल. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वाळवला, केबल टायने आवळला. दिवा गेला. मजुरी 300.

म्हणजे क्रम असा: आधी डिपस्टिक, मग सेन्सरचा प्लग आणि वायर, मग सेन्सर. पातळी बरोबर आणि दाबाचा दिवा शांत असेल तर इंजिन उघडायला सांगणाऱ्याकडून चावी काढून घ्या. अजून एक चकवा आहे. स्कोडाच्या काही गाड्यांत बॉनेट अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उघडं राहिलं की हा दिवा विझतो आणि तेल भरलं नसेल तर शंभरेक किलोमीटरने परत लागतो. तेव्हा बॉनेट उघडताच दिवा गेला म्हणून कोणाला पैसे देऊ नका.

दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेऱ्या बिनबोभाट झाल्या, गुहागर छान, गणपतीपुळ्याला गर्दी. लिहिण्यासारखं काही नाही.

सोबत आपल्या ग्रेडचा सीलबंद लिटरचा डबा ठेवा. छोट्या गावात 20W-40 सहज मिळतं, 5W-30 मिळेलच असं नाही. चिंधी, टॉर्च, चार केबल टाय. आणि गाडी खाली बसणारी असेल, मागे चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या असतील, तर वेसवीकडून येऊच नका. मंडणगडवरून दापोली गाठा.