तुमचो पैसो पडलो

मी एसटीत २८ वर्षं कंडक्टर होतो. जादूगार कधीच नव्हतो, पण थोडी हातचलाखी यायची, आणि ती शिकायला गुरू करावा लागला नाही. मशिनं येण्याआधी आमच्याकडे पत्र्याचा ट्रे असायचा, त्यात निरनिराळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे. घाटात गाडी वळणं घेतेय, आपण कमरेने बाकाला रेलून उभे, अंगठ्याने तिकीट ओढायचं, पंच मारायचा, नोटा उभ्या घडीने बोटांच्या बेचक्यात आणि सुट्टे मुठीत. दहा वर्षं हे केल्यावर चार आण्याचं नाणं तळहाताच्या खळग्यात दाबून हात रिकामा असल्यासारखा हलवणं काही अवघड नाही. जादूगार त्याला पामिंग म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

मालवण तालुक्यातल्या एका गावी आमची वस्तीची गाडी जायची. रात्री पोचायची, पहाटे परत निघायची. ड्रायव्हर गाडीतच आडवा व्हायचा, मी देवळाच्या ओसरीवर. जेवण झालं की गावातली पोरं जमायची. कानामागून नाणं काढायचं, कोपरावर चोळून नाहीसं करायचं, एवढाच माझा कार्यक्रम. एका रात्री नाणं सदऱ्याच्या बाहीत सरकवलं आणि हात वर केला, तर ते दुसऱ्याच बाजूने घरंगळून फरशीवर टण्णकन पडलं. सहा-सात वर्षांच्या एका पोराने ते उचललं, शर्टाला पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. "काका, तुमचो पैसो पडलो."

जादू फसली हे त्याच्या गावीही नव्हतं. कंडक्टरचे पैसे पडले, ते परत द्यायचे, एवढंच त्याला कळलं होतं. मोठी माणसं मात्र पोट धरधरून हसली. त्या रात्री जेवढी मजा आली तेवढी आधी कधी आली नव्हती. पुढे मी पहिलं नाणं मुद्दाम पाडायला लागलो.

बऱ्याच वर्षांनी भाच्याने मोबाइलवर टॉमी कूपर दाखवला. उंचापुरा, अंगाने आडवा, डोक्यावर गोंड्याची लाल तुर्की टोपी. हा ब्रिटिश जादूगार लोकांसमोर उभा राहून जादू फसवायचा. हातातून वस्तू पडायच्या, तो भांबावून बघायचा, स्वतःशीच हसायचा. आणि हे सगळं करायला मुळात जादू पक्की यावी लागते, ती त्याला येत होती. मधूनच एखादी अशी बिनचूक करून जायचा की हसणारा माणूस आ वासून गप्प. १५ एप्रिल १९८४ रोजी लंडनमध्ये, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, तो रंगमंचावर कोसळला. लोक हसतच राहिले, त्यांना वाटलं हाही खेळाचाच भाग. मी ते दृश्य पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही.

आवडते जादूगार कोण म्हणून विचारलं की लोकांना पी. सी. सरकार हे उत्तर अपेक्षित असतं. बरोबरच आहे. आमच्या पिढीला जादूगार म्हणजे फेटा, शेरवानी आणि 'इंद्रजाल' हा शब्द एवढंच ठाऊक, आणि ते चित्र सरकारांनीच काढलेलं. त्यांच्याबद्दलची घड्याळाची गोष्ट माझ्याच गाडीत मी किमान दहा म्हाताऱ्यांकडून ऐकली असेल: जादूगार तासभर उशिरा आला, लोक चिडले, तो म्हणाला घड्याळं बघा, तर सगळ्यांच्या घड्याळात बरोबर ठरलेली वेळ! प्रत्येक सांगणारा स्वतः तिथे हजर होता. एकाच्या गोष्टीत सरकार असत, दुसऱ्याच्या गोष्टीत आपले पुण्याचे जादूगार रघुवीर. मला त्या जादूचं नेहमीच आकर्षण वाटलं. आमची गाडी दीड तास उशिरा स्टँडवर शिरताना ती फार उपयोगी पडली असती.

खरी घडलेली गोष्ट त्याहून भारी आहे. ९ एप्रिल १९५६ रोजी सरकार बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात होते. टेबलावर निजवलेली १७ वर्षांची सहायक मुलगी, वर गरगर फिरणारी करवत, तीही पेटी-बिटी काही नसताना. करवत आरपार गेली. सरकारांनी तिला हाक मारली, हात चोळून पाहिले, ती उठेना. आणि तेवढ्यात निवेदकाने पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं, वेळ संपली होती! मुलगी मेली अशा समजुतीने बीबीसीत फोनांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी ही बातमी वर्तमानपत्रांत, आणि सरकारांचे लंडनमधले प्रयोग तर पुढे होणारच होते. वेळ चुकली की चुकवली यावर लोक अजून वाद घालतात. माझं मत विचाराल तर ज्याने आयुष्यभर वेळापत्रक सांभाळलंय त्याला विचारा: इतकी नेमकी वेळ चुकून चुकत नाही.

तरी सरकार माझे पहिल्या नंबरचे नाहीत. जादूगार के. लालही नाहीत, त्यांच्या वेगाचा एवढा लौकिक असूनसुद्धा. भराभर पेट्या येतात, उघडतात, माणसं गायब होतात, कपडे बदलतात, आणि मी तिसऱ्या पेटीला दमतो. मला बघायला वेळ लागतो. सरकारांचा एकच खेळ मला मनापासून आवडतो, तो तांब्याचा. तांब्यातलं पाणी ओतून तो रिकामा करायचा, बाजूला ठेवायचा, दुसरे खेळ करायचे, मधूनच परत येऊन ओतायचं, पुन्हा पाणी! असं अख्ख्या प्रयोगभर. 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणत त्याला. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी पोहरा खरवडून पाणी काढणाऱ्या आमच्या बायकांसमोर हा खेळ केला असता तर त्यांनी तांब्या परत दिला नसता.

माझा नंबर एक आहे रेने लावांद. अर्जेंटिनाचा. नऊ वर्षांचा असताना मोटारीच्या अपघातात त्याचा उजवा हात गेला. पुढे बँकेत नोकरी, आणि डाव्या एकट्या हाताने पत्ते पिसायचा रियाज. पत्त्यांच्या जादूची पुस्तकं दोन हातांच्या माणसांनी दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली, म्हणजे ह्याला सगळंच स्वतः शोधून काढावं लागलं.

त्याचा पावाच्या तुकड्यांचा खेळ मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. टेबलावर एक कप, पावाचे तीन बारके गोळे. उजवी बाही कोटाच्या खिशात. एक गोळा कपात टाकतो, दुसरा टाकतो, तिसरा लांब फेकून देतो. कप उपडा करतो: तीन. मग पुन्हा करतो, सावकाश. पुन्हा तीन. मग आणखी सावकाश, इतका की भात खाताना सुद्धा माणूस एवढा रेंगाळणार नाही. आणि म्हणतो, "याहून सावकाश करता येत नाही." जरा थांबतो. "किंवा कदाचित येईलही." आणि करतो. त्याची स्पॅनिश मला कळत नाही, खाली अक्षरं येतात ती भाचा वाचून दाखवतो, पण त्या आवाजाला अक्षरांची गरज नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात आजोबा गोष्ट सांगताना जसे मध्येच तपकीर ओढायला थांबत, तसा तो थांबतो.

त्याच्याजवळ घाईचा आडोसा नाही. दुसऱ्या हाताचाही नाही. तरी मी फसतो, आणि फसलो याचा राग येत नाही. ही गोष्ट फार थोड्या जादूगारांना जमते. बाकीचे बरेचसे 'बघ, कसा बनवला' अशा नजरेने बघतात. ती नजर आली की मी टीव्ही बंद करतो.

अमेरिकेतली पेन आणि टेलर ही जोडी तर आणखी पुढची. उपड्या वाट्यांखालच्या गोळ्या नाहीशा करून पुन्हा काढायचा वाटी-गोळीचा खेळ ते आरपार दिसणाऱ्या पेल्यांनी करतात! यातला टेलर स्टेजवर बोलत नाही. त्याने सांगितलंय की एका हॉटेलात बसल्या बसल्या पाण्याचा ग्लास आणि चुरगाळलेल्या कागदी रुमालाच्या गोळ्यांशी चाळा करताना हे सुचलं. उपड्या ग्लासवर गोळी ठेवली, ग्लास तिरका करून ती खाली पाडली, आणि पडणाऱ्या गोळीमागे त्याची स्वतःचीच नजर गेली. तेवढ्यात दुसऱ्या हाताने ग्लासखाली दुसरी गोळी गेलेली. हे वाचलं तेव्हा मला देवळाच्या फरशीवरचा टण्णकन आवाज आठवला. पडणाऱ्या वस्तूकडे माणूस बघणारच. मला हे ठाऊक होतं, फक्त त्याचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

वाटी-गोळी आम्ही पहिल्यांदा पाहिली ती मदाऱ्याकडे. त्याच्या वाट्या उथळ, वर धरायला गाठ असलेल्या. बोटांत ती गाठ पकडून उचलायच्या. कुडाळच्या बाजारात आजीचा हात धरून मी उभा होतो. वाट्या झाल्या, मग आंब्याची जादू निघाली. मातीत बाठा पुरला, तीन काठ्यांवर फडकं टाकलं, डमरू, पाणी, पोटावर हात मारून बडबड, फडकं उचललं तर कोंब. पुन्हा फडकं, पुन्हा बडबड, आता हातभर झाड. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाली, "रे, पण ह्यो आंबो हापूस काय रायवळ?"

मदारी बिचारा कुठल्या मुलखातला होता कोण जाणे. "माई, हापूस, एकदम हापूस!"

"मगे खोटा," आजी म्हणाली आणि माझा हात ओढून चालू लागली. बाठ्यापासून हापूस होत नाही, त्याचं कलम बांधावं लागतं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत. अर्ध्या घटकेत झाड उगवतं यावर आजीचा काहीच आक्षेप नव्हता. रायवळ म्हणाला असता तर तिने एक आणा दिला असता.

आता निवृत्तीनंतर एक खूळ डोक्यात शिरलंय. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून हाताने रंगवून गंजिफा करतात, गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात १२, मिळून १२० पत्ते. मुलीने मला एक संच भेट दिला. मी ठरवलं, लावांदसारखं एका हाताने, सावकाश, पण आपल्या पत्त्यांनी. आता अडचणी ऐका. गोल पत्त्याला कोपरा नसतो, म्हणजे बोट अडकवायला जागा नाही. रंगावर लाखेचा लेप, त्यामुळे पत्ते एकमेकांवरून नको तेव्हा सुळकन जातात आणि हवं तेव्हा चिकटून बसतात. तळहातात लपवावा तर बाजूने चंद्रासारखा डोकावतो. आणि पिसायचे म्हणून खसाखसा पिसले तर रंगवणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर येतो, एकेका पत्त्यावर वाकून बसलेला.

चार महिने झाले. परवा ओटीवर नातीला बसवलं, मत्स्यावताराचा पत्ता तिला दाखवला, गठ्ठ्यात घातला आणि डाव्या हाताने हळूहळू वर आणायला लागलो. अर्ध्यावर आला. तिथून तो निसटला, कडेवर उभा राहिला आणि चाकासारखा गडगडत अख्खी ओटी ओलांडून झोपाळ्याखाली गेला. चौकोनी पत्ता असं कधी करणार नाही. नात टाळ्या वाजवत त्याच्यामागे धावली.

"आजोबा, मासो पळालो! परत पळवा!"