विहिरीच्या ढिगाऱ्यातला हिरवा

अकोल्याहून वाशीमची सकाळची एसटी पकडली तेव्हा पिशवीत पितळी खल, मलमलचं फडकं, सरसाचा एक तुकडा आणि दहा-बारा रिकाम्या बरण्या होत्या. लोणच्याच्या आहेत का, असं कंडक्टरने विचारलं. रंगांच्या आहेत म्हटल्यावर तो शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन बसला आणि मालेगावच्या पुढे कुठे नवी विहीर खणली जातेय, ते त्यानेच सांगितलं.

वाशीमलाच का, तेही सांगते. हे जुनं वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण इथून राज्य करत होता आणि त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं. तसा लेखच त्या लेण्यावर कोरलेला आहे. अजिंठा बघून आलेल्या कितीतरी जणांना मी विचारलंय, वाशीमचं नाव एकालाही सुचलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या दगडात आहेत तोच दगड वाशीमच्या शेतांखाली आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मग भिंतीवरचे रंग इथल्या मातीतून करता येतील का, एवढंच मला बघायचं होतं.

सुरुवात फसली. गावाकडे निघण्याआधी बाजारातल्या एका दुकानातून पिवडीची, म्हणजे रंगाच्या पिवळ्या मातीची, पुडी घेतली होती. रंग झेंडूसारखा, बघताक्षणी आवडावा असा. कुंभाराच्या घरी मावशींनी चुलीवर जुना तवा ठेवून दिला आणि मी त्यावर चमचाभर पिवडी पसरली. आधी जळका वास आला, मग धूर, आणि शेवटी तव्यावर राखाडी-पांढरी भुकटी उरली. खडूत रंग कालवलेला होता. खऱ्या पिवळ्या मातीत गोएथाइट असतं, म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि त्यात अडकलेलं पाणी. ती जळत नाही, तापली की लाल होते.

“एवढ्यासाठी बाजारात गेली व्हय?” असं म्हणत मावशींनी कोपऱ्यातलं घमेलं पुढे ओढलं. नाल्याच्या काठची पिवळट माती होती, मडक्यांना हात देण्यासाठी ठेवलेली. मी ती बादलीत कालवली, मिनिटभर थांबले आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. वाळू पहिल्या बादलीत राहिली. असं चार वेळा केलं. अर्ध्या जाडीचा कण पाण्यात चारपट हळू बुडतो, म्हणून निवळण्याला घाई चालत नाही. शेवटचं भांडं रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वरचं पाणी काढलं तर तळाशी लोण्यासारखा थर होता, बोटांत चोळला तर एकही खडा लागेना. प्रयोगशाळेत हे मी कितीदा केलंय, पण पडवीत बसून, कोंबड्या हाकलत केलेला हा थर मला जास्त जवळचा वाटला.

तो उन्हात वाळवून तव्यावर घातला. मावशी शेजारीच बसल्या होत्या. आधी कडा तपकिरी झाल्या, मग मधोमध एक नारिंगी ठिपका उमटला आणि उलथन्याने हलवता हलवता सगळी माती विटकरी लाल झाली. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास गोएथाइटमधलं पाणी निघून जातं आणि हेमॅटाइट उरतं. शुद्ध गोएथाइट असेल तर शंभर ग्रॅममधले दहा ग्रॅम निव्वळ पाण्याचे जातात. लोखंड तेच, फक्त पाणी गेलं, आणि पिवळ्याचा गेरू झाला. “आमचं मडकं बी असंच लाल होते,” मावशी म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं, आव्यातही हेच घडतं.

दुपारी विहिरीवर गेले. तीस फुटांवर कातळ लागला होता आणि काठावर दगडांचा ढीग. काही दगडांना बारीक पोकळ्या होत्या, एकेकाळी लाव्ह्यात अडकलेल्या वाफेचे बुडबुडे. त्यांच्या आत कुठे पांढरे स्फटिक, तर कुठे निळसर हिरवं अस्तर, ओल्या शेवाळासारखं. हेच सेलाडोनाइट, हिरवी माती. दाभणाने खरवडायला बसले. खणणारे भाऊ बिडी विझवून मदतीला आले आणि दगड निवडून देऊ लागले. “एवढ्याशा हिरव्याचं काय करतं वं बाई?” संध्याकाळपर्यंत घमेलंभर दगडांतून जेमतेम दोन चमचे निघाले.

त्यातली चिमूटभर मी मुद्दाम तव्यावर टाकली. ती तपकिरी झाली. या हिरव्यात लोखंड दोन अवस्थांत एकत्र असतं, हा रंग त्या जोडीचा. उष्णतेने जोडी मोडली की हिरवा गेला. म्हणून हिरवी माती भाजायची नाही, फक्त वाटायची आणि निवळायची.

अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. मातीत भुसा आणि वनस्पतींचे तंतू मळून गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. मी विटेएवढ्या तुकड्यावर तसंच केलं. पहिला हात सरस दाट झाल्याने सकाळी पापुद्रे होऊन उचलला गेला, कारण सरस वाळताना आक्रसतो आणि रंगाला सोबत ओढतो. चिकटपणा जेमतेम बोटाला लागेल इतका पातळ केला तेव्हा लाल आणि पिवळा नीट बसले. हिरव्याला अंग कमी, तीन हात द्यावे लागले.

निळा मात्र इथल्या कुठल्याच ढिगाऱ्यात नाही. अजिंठ्यातला निळा लाजवर्द या निळ्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. घोडे, उंट, बैलगाड्या, किती हातांतून तो आला असेल, या विचाराने मी त्या तुकड्यावर निळ्याची जागा कोरीच ठेवली.

निघताना उरलेला गेरू मावशींनी मागून घेतला. मी बस थांब्याकडे वळले तेव्हा त्या उंबऱ्याशी उकिडव्या बसून चौकटीला चिंधीने त्याचा हात देत होत्या.