दोघांचं टेबल

आमच्या घरी कॉफीचा डबा फडताळात सगळ्यात वर असायचा. कोणाला ताप आला किंवा मुलगी बघायला पाहुणे आले, की तो खाली यायचा. वर जायफळ किसायचं. एरवी खानदेशात पेय एकच, च्या. म्हणून अमळनेरला स्टेशनकडच्या रस्त्यावर कॉफीचं दुकान निघालं तेव्हा मला प्रश्न पडला, गावात एवढे आजारी लोक आहेत कुठे?

मालक गावातलाच पोरगा, पुण्यात चार वर्षं काढून आलेला. त्याने दोघादोघांची टेबलं मांडली, मंद दिवे लावले, फळ्यावर कॉफीची नावं लिहिली. एका दुपारी धोतर-टोपीतले एक अप्पा आले. फळा वाचून म्हणाले, "च्या भेटी का?"

"नही भेटस, अप्पा."

अप्पा तरी बसले. आत एसी होता. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की माणूस कॉफीसुद्धा पितो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोघांना आणलं. टेबल दोघांचं, माणसं तीन. शेजारचं टेबल ओढलं. महिनाभरात सगळ्या टेबलांची मिळून एक लांब पंगत झाली. मालक रोज सकाळी ती सुटी करायचा, अकरा वाजता ती पुन्हा जुळलेली असायची. शेवटी त्याने नाद सोडला. चहाही ठेवला. फक्त फळ्यावर लिहिला नाही, तेवढाच काय तो पुण्याचा मान राखला.

कापसाचा भाव, बोरी नदीचं पाणी हे पंगतीतलं रोजचंच. खरा रंग चढतो तो विप्रोच्या शेअरवर. १९४५ मध्ये ही कंपनी इथेच वनस्पती तुपासाठी निघाली. गावात कोणी तिचे शेअर जपले, कोणी विकले. जपणारे गप्प बसतात, बोलतात ते विकणारे. एका नानांच्या वडिलांनी मुलीच्या लग्नात विकले होते. आज ते किती झाले असते, याचा हिशेब नाना दर महिन्याला कागदी रुमालावर मांडतात. रुमाल हातोहात फिरतो, सगळे मन लावून तपासतात, "नाना, यातला बोनस राह्यना ना भो," असं कोणीतरी दाखवून देतं, की रक्कम आणखी फुगते. हे नानांच्या बहिणीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढं मात्र सगळे पाळतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, तेव्हा बाहेरगावचे दोघे कोपऱ्यात निवांत बसायला बघत होते. "आठे या, आठे बठा!" झालं. त्यांचं दुपारचं सत्र बुडालं, पण शेवभाजी कुठली खायची आणि भरीताचं वांगं कसं ओळखायचं, हे पक्कं झालं.

गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, सुरतेची, पुण्याची पोरं गावी आली. रोट आटोपले, विसर्जन झालं आणि संध्याकाळी चौघं दुकानात शिरली. पंगत मोडून चौघांनी चार टेबलं वेगळी केली, कानात तारा घातल्या, लॅपटॉप उघडले. तेवढ्यात अप्पा दारात. त्यांनी घटकाभर बघितलं, धोतराचा सोगा सावरला आणि जवळचं टेबल ओढायला घेतलं. फरशीवर कर्रकन आवाज झाला. मालकाने वर न बघताच पातेल्यात कपभर पाणी वाढवलं.