हातात आहे, कागदावर नाही

आज दुपारी पांढरकवड्याजवळच्या एका गावात मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसलो होतो. विहिरीवरची जळालेली मोटार उघडून ठेवलेली. पोरगा दहावी नापास, काम मामाकडून शिकलेला. तांब्याच्या तारेचे वेढे ओठातल्या ओठात मोजत होता. मी मध्येच बोललो, तर मान न वळवता हातानंच थांबवलं. कॉइल पुरी झाल्यावर म्हणाला, "भाऊ, मले सारं येते. पण कागद कुठी हाय?"

त्याला मोबाइलवर डिजिटल बॅज दाखवला, म्हणजे एखादं काम येतं याचं ऑनलाइन प्रमाणपत्र. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०११ मध्ये अशा बॅजचं, ओपन बॅजचं, काम सुरू केलं. दिसायला साधं चित्र, पण त्याच्या पोटात सगळं नोंदलेलं: कोणी दिला, कशासाठी, कोणत्या कसोटीवर. कामाचा पुरावाही जोडता येतो.

त्यानं नेमकं विचारलं, "देईन कोण?"

खरी अडचण तीच. देणाऱ्याला पत नसेल, तर ते नुसतं चित्र. मला मनापासून वाटतं, आयटीआयनं अशा पोरांची हातची परीक्षा घेऊन बॅज द्यावा. या कापसाच्या पट्ट्यात अशी किती पोरं बसली आहेत!

उद्या सकाळी लाइन असते तेव्हा कॉइल बसवतानाचा व्हिडिओ काढणार आहोत. पुरावा तरी तयार ठेवू.